मिटलेल्या समुद्राची शिवण

दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे सरकणारे प्रचंड तुकडे, एकमेकांवर आदळले की त्यांच्यामधला समुद्र मिटतो आणि तिथे पर्वत उभा राहतो. पुढे ऊन, पाऊस, बर्फ त्या पर्वताला झिजवून सपाट करतात. मग इथे कधीकाळी दोन भूपट्टांची सीमा होती, हे ओळखायचं कसं? खरी शिवण खोलवर असते. आजवरचं सर्वांत खोल छिद्र, रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं, 12 किलोमीटरच्या जरा पुढे जाऊन थांबलं. खंडांचं कवच साधारण त्याच्या तिप्पट जाड.

म्हणून खाली लहरी पाठवतात. एक अवजड ट्रक थांबतो, पोटाखालची जाड लोखंडी पाटी जमिनीवर टेकवतो, आपला भार तिच्यावर टाकतो आणि काही सेकंद जमीन थरथरवतो. खडक जिथे बदलतो तिथून लहरींचा थोडा भाग माघारी फिरतो आणि कित्येक किलोमीटर मांडलेले जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर नोंदवणारी छोटी यंत्रं, तो टिपतात. कवचात लहरी सेकंदाला सहा-साडेसहा किलोमीटर जातात, त्यामुळे 40 किलोमीटर खोलवरून परतायला त्यांना 12-13 सेकंद लागतात. हा प्रतिसाद इतका क्षीण असतो की वाऱ्याने हलणारं झाडसुद्धा त्याला झाकून टाकतं. म्हणून अशा अनेक नोंदी एकत्र मिळवतात. खरी लहर ठळक होते, गोंगाट विरतो.

कॅनडात 1984 साली सुरू झालेल्या ‘लिथोप्रोब’ प्रकल्पाने क्वेबेकमधल्या अबिटिबी आणि ओपाटिका या प्राचीन खडकांच्या पट्ट्यांखाली असंच पाहिलं. नोंदींतून तयार झालेल्या चित्रात एक तिरकी रेघ कवचाचा तळ ओलांडून प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, आणखी सुमारे 30 किलोमीटर उतरलेली दिसली. 1995 मध्ये संशोधकांनी तिचा अर्थ लावला: साधारण 269 कोटी वर्षांपूर्वी एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकला, त्याची ही खूण. त्याआधी, 1989 मध्ये, स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखातात जहाजावरून केलेल्या ‘बेबल’ मोजणीतही अशाच रेघा सापडल्या होत्या, सुमारे 190 कोटी वर्षांपूर्वीच्या.

मला ही चित्रं पाहताना दरवेळी थरारून जायला होतं, तरी घाई करायची नाही. नंतर घुसलेला आणि थिजलेला शिलारसही तशीच रेघ उमटवू शकतो. म्हणून वरच्या खडकांची वयं आणि घडण त्या रेघेशी जुळते का, हे तपासावंच लागतं. भूपट्ट नेमके कधीपासून सरकू लागले, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यात अशा रेघा फार मोलाच्या साक्षीदार आहेत.

इतकी वर्षं ही खूण टिकली तरी कशी? जुन्या खंडांखालचं प्रावरण थंड आणि ताठर असतं. ते खालच्या प्रवाहांत ढवळून निघत नाही, खंडाला चिकटून त्याच्याबरोबरच पृथ्वीभर फिरतं.