कुंपणाचं बूड उघडं का पडतं?

कोयनेलचं कुंपण वरून झकास दिसतं: हिरवंगार, सपाट कापलेलं. आणि खाली गुडघ्यापर्यंत नुसत्या काटक्या, मांजर आरामात आत-बाहेर करेल इतक्या विरळ. मग पाणी वाढवलं जातं, युरिया पडतो. त्यानं शेंडे तेवढे फोफावतात, बूड तसंच राहतं. कारण इथं उपाशीपण असतं ते उजेडाचं.

शेंड्याच्या कोंबात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरतं आणि पानांच्या बेचक्यातले डोळे, म्हणजे नवी फूट येण्याच्या जागा, निजवून ठेवतं. शेंडा उडवला की हा दाब जातो, शेंड्याकडे जाणारी साखरही डोळ्यांना मिळते आणि ते फुटतात. कोयनेलची पानं समोरासमोर असल्यानं एका काडीच्या सहसा दोन होतात. मात्र फुटतात ते मुख्यतः कापाच्या लगेच खालचे डोळे. म्हणजे दाटी हवी तिथंच काप घ्यावा लागतो. चार फूट उंची आल्यावर पहिल्यांदा कात्री लावली, तर दाटी चार फुटांवरच होणार.

म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, 20-25 सेंमी लांबीची छाटकलमं दोन ओळींत नागमोडी, म्हणजे एका ओळीतलं कलम दुसरीतल्या दोघांच्या मधोमध येईल अशी लावावीत, 30 सेंमी अंतरावर. रोप 30 सेंमीचं झालं की निम्म्यावर छाटायचं. जिवावर येतं, पण इथंच माया नडते. पुढं दर वेळी 15 सेंमी नवी वाढ झाली की त्यातली निम्मी काढायची, बाजूंनीसुद्धा.

आता आकार. भिंतीसारख्या उभ्या कापलेल्या कुंपणात वरचे शेंडे जोमानं बाहेर झुकतात आणि खालच्या पानांवर सावली धरतात. पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि त्यापलीकडचा अतिलाल बराचसा खाली जाऊ देतात. खालच्या फांदीला हा फरक कळतो. ती दाट होण्याऐवजी उजेडाकडे लांबत जाते. सावलीतल्या पानाला स्वतःच्या खर्चापुरतीही साखर करता आली नाही की झाड ते गाळून टाकतं. उपाय सोपा आहे: बूड रुंद, माथा अरुंद. 120 सेंमी उंचीच्या कुंपणाला तळाशी 75 आणि माथ्याशी 45 सेंमी रुंदी ठेवावी. दोन्ही टोकांना खुंट ठोकून दोरी ताणा; नजरेच्या अंदाजानं कापलेलं कुंपण हमखास पोटाशी फुगतं.

नुसत्या मोठ्या कात्रीनं वर्षानुवर्षं पृष्ठभाग कापत राहिलं, तर बाहेर जेमतेम वीतभर हिरवा थर उरतो आणि आत काळोख. दोन-तीन महिन्यांतून एकदा सिकेटरनं, म्हणजे फांद्या कापायच्या छोट्या कात्रीनं, हात आत घालून काही जाड फांद्या खोलवर कापाव्यात. मुठीएवढे झरोके पडतात, दिसायला वाईट दिसतं, पण त्यातून उजेड शिरतो आणि आतून फूट येते.

पाती धारदारच हवीत. बोथट पात्यांनी पानं चेचली जातात, दोन दिवसांत कडा तपकिरी पडतात आणि लोक त्याला रोग समजतात. भर उन्हाळ्यात खोल छाटणी नको: आतली सावलीत वाढलेली पातळ पानं एकदम उन्हात येऊन करपतात. आणि कात्री लावण्याआधी फांद्या बाजूला सारून बुलबुलाचं घरटं नाही ना, हे बघावं.

बूड पार उघडं पडलंच असेल, तर जूनमध्ये चांगला पाऊस लागला की कोयनेल, मेंदी किंवा ड्युरांटा जमिनीपासून 30-40 सेंमीवर सरळ कापून टाकावं आणि मुळाशी कुजलेलं शेणखत द्यावं. जुन्या लाकडातले निद्रिस्त डोळे जागे होतात. मोरपंखीला मात्र हा प्रयोग करू नये. तिच्या पानं गेलेल्या जुन्या फांदीत असे डोळे जवळजवळ नसतातच. हिरवा भाग ओलांडून कापलं की तिथं भोक पडतं ते कायमचं, आणि मग ते रोपच काढून दुसरं लावावं लागतं.