डॅनियल बून: वाट पाडणारा बेजमीन

१७९८ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या विधिमंडळाने एका काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, शिकारी आणि वाटाड्या डॅनियल बूनचं नाव दिलं. त्याच वर्षी त्याच केंटकीत त्याच्या नावाने अटकेचं वॉरंटही निघालं, कारण एका खटल्यात समन्स येऊनही तो साक्षीला गेला नव्हता. पुढच्याच वर्षी पासष्टीला टेकलेला हा माणूस बायकापोरांसह मिसिसिपी ओलांडून स्पेनच्या ताब्यातल्या मिसूरीत निघून गेला. आपण वाट पाडली तो मुलूख त्याने का सोडला, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

बूनचा जन्म १७३४ मधला, पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातला. वडील स्क्वायर बून इंग्लंडमधल्या डेव्हनहून आलेले. विणकाम आणि लोहारकाम करत. डॅनियलच्या मोठ्या भावाने पंथाबाहेर लग्न केलं आणि वडिलांनी त्याबद्दल चूक कबूल केली नाही, म्हणून क्वेकरांनी त्यांना बाहेर काढलं. लवकरच सगळं कुटुंब दक्षिणेला, उत्तर कॅरोलायनातल्या यॅडकिन खोऱ्यात आलं. तिथे १७५६ साली डॅनियलचं लग्न रिबेका ब्रायनशी झालं. त्यांना दहा मुलं झाली.

डॅनियल शिकारीला गेला की महिनोन्‌महिने येत नसे. १७६९ मध्ये केंटकीत गेला तो १७७१ मध्ये परतला. तोवर शेत, गुरं आणि लेकरं रिबेकाच्या अंगावर. बूनच्या धाडसाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात, पण चूल पेटती ठेवणारी बाई त्यांत फार कमी दिसते.

केंटकी काही ओसाड मुलूख नव्हता. शॉनी, चेरोकी या मूलनिवासींची ती शिकारीची भूमी. अ‍ॅपलाचियन डोंगरांपलीकडे वसाहत करू नये, असं फर्मान ब्रिटिश राजाने १७६३ मध्ये काढलं होतं. पुढे १७६८ च्या तहात इरोक्वॉय या दुसऱ्या मूलनिवासींनी या जमिनीवर पाणी सोडलं, पण शॉनींना ते मान्य नव्हतं. जमिनीची किंमत बून कुटुंबाला १७७३ मध्येच मोजावी लागली: स्थलांतर सुरू असताना सोळा वर्षांचा थोरला मुलगा जेम्स मूलनिवासींच्या हल्ल्यात मारला गेला. काफिला माघारी फिरला.

१७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसनच्या जमिनीचा व्यवहार करणाऱ्या कंपनीसाठी बूनने सुमारे तीस माणसं घेऊन याच डोंगरांतल्या कंबरलंड खिंडीतून केंटकीत वाट पाडली आणि बून्सबरो वसवलं. त्याच वर्षी रिबेका आणि मुलंही तिथे आली. पुढच्या जुलैमध्ये लेक जमायमा आणि तिच्या दोन मैत्रिणींना मूलनिवासींनी पळवून नेलं. बूनने माग काढून तिसऱ्या दिवशी त्यांना सोडवून आणलं.

१७७८ मध्ये खाऱ्या झऱ्याचं पाणी आटवून मीठ काढायला गेलेला बून आणि त्याचे साथीदार शॉनींच्या हाती लागले. ब्लॅकफिश या प्रमुखाने त्याला दत्तक घेतलं आणि ‘शेल्टोवी’, म्हणजे मोठा कासव, असं नाव दिलं. काही महिन्यांनी बून निसटून बून्सबरोला पोहोचला, तर नवरा मेला असं समजून रिबेका माहेरच्या मुलखात परत गेलेली. जमायमा तेवढी थांबली होती. १७८२ मध्ये ब्रिटिश आणि त्यांच्या मूलनिवासी साथीदारांविरुद्धच्या ब्लू लिक्सच्या लढाईत आणखी एक मुलगा, इझ्रेल, गेला.

आणि जमीन? केंटकीत एकाच तुकड्यावर दोघातिघांचे दावे सर्रास असत. बून स्वतः मोजणीदार होता, तरी कागद पक्के करण्यात कच्चा पडला. कोर्टात आणि कर्जात एकेक तुकडा गेला. मिसूरीत स्पॅनिश सरकारने त्याला सुमारे ८५० एकर दिले खरे, पण १८०३ मध्ये तो मुलूख अमेरिकेने विकत घेतला आणि पुन्हा कागद अपुरे ठरले. काँग्रेसने १८१४ मध्ये जमीन परत दिली. रिबेका आदल्याच वर्षी वारली होती. जुनी देणी फेडण्यात बहुतेक जमीन विकली गेली.

धाकटा मुलगा नेथन याच्या घरी २६ सप्टेंबर १८२० रोजी बूनचा अंत झाला. नवराबायकोला मिसूरीतच पुरलं. १८४५ मध्ये केंटकीने त्यांचे अवशेष मागून नेले आणि राज्याची राजधानी फ्रँकफर्ट इथे समारंभाने पुन्हा पुरले.