हीटेड व कूल्ड सीट (मोटारगाडीतील) : अतितापापासून संरक्षण

बटण दाबताच तापणारी किंवा पाठीचा घाम वाळवणारी मोटारीतील बैठक. ताप हाताबाहेर जाऊ नये म्हणून तिच्यात सेन्सर, कंट्रोल युनिट, पंखा व फ्यूज असतात. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे खानदेशात हीटर लागतो तो पौष-माघातल्या पहाटेपुरता. खरे काम पंख्याचे.

हीटर म्हणजे फोमवर, कव्हरखाली बसवलेली कार्बन फायबरची किंवा धातूच्या तारेची जाळी. १२ व्होल्टवर ६० वॉटची जाळी ५ अँपिअर घेते. तिला चिकटून एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे ताप मोजणारा सेन्सर असतो. ताप वाढला की त्याचा विद्युत रोध घटतो. २५ अंशांना १० किलोओहम असलेला थर्मिस्टर ४५ अंशांना साधारण साडेचार किलोओहमवर येतो. म्हणून मेमधल्या दुपारी, सीट बंद असतानाही, मीटरवर साडेचार दिसले तर वायरमनने तो बिघाड समजू नये.

थर्मिस्टरची तार तुटली की रोध अनंत होतो आणि युनिटला वाटते, कडाक्याची थंडी पडली आहे. चांगले युनिट असा अशक्य आकडा दिसताच हीटर तोडते. काही स्वस्त किटमध्ये फक्त द्विधातू पट्टीचा (तापली की वाकून प्रवाह तोडणाऱ्या पट्टीचा) थर्मोस्टॅट असतो. त्याचे काँटॅक्ट चिकटले तर सीट तापतच राहते.

फ्यूजच्या भरवशावर मात्र राहू नये. मागचे सामान काढताना कोणी सीटवर गुडघा रोवतो, जाळी दुमडते आणि त्या जागी ताप साठतो. प्रवाह वाढत नाही, म्हणून फ्यूज शाबूत. सेन्सर वीतभर लांब, म्हणून त्यालाही पत्ता नाही. कव्हरवर रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला की सीट हीटरचा फ्यूज काढून ठेवावा व जाळी बदलावी. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नये, तो एअरबॅगचा असतो.

४४ अंशांचा स्पर्श सुमारे सहा तास टिकला तर कातडी भाजते. त्यापुढे दर अंशाला हा वेळ जवळपास निम्मा होतो. मधुमेहामुळे बधिरता आलेल्यांना किंवा कमरेखाली संवेदना नसलेल्यांना चटका कळत नाही. त्यांच्यासाठी हीटर बंदच ठेवावा.

गार सीटचे दोन प्रकार. पेल्टियर पट्टी (वीज दिली की एक बाजू गार व दुसरी गरम होणारी) असलेली सीट हवा खरोखर थंड करते. पंखा थांबला तर पट्टीची गरम बाजू जळू शकते. आपल्याकडे जास्त दिसते ती नुसती व्हेंटिलेटेड सीट. ती हवेचे तापमान उतरवत नाही, फक्त घाम वाळवते. उन्हात तापलेल्या गाडीत बसताच पंखा लावला तर गरम वाराच अंगाशी येतो. आधी काचा उघडून दोन मिनिटे गाडी चालवावी, मग एसी लावावा व त्यानंतर सीटचा पंखा. पंखा सीटखालून हवा ओढणारा असेल तर एसीचा झोत पायाकडे वळवावा.

रेक्झिनचे जाड कव्हर चढवले की सीटच्या चामड्यातील हवेची भोके बुजतात आणि सगळी सोय वाया जाते. काळ्या मातीच्या शिवारातून रोज ये-जा असेल तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर बसतो. पंखा घरघरू लागेपर्यंत वाट न पाहता सीट पुढे सरकवून ती जाळी मऊ ब्रशने झाडावी. पाण्याचा फवारा मारू नये. मोटार व कनेक्टर दोन्ही खराब होतात.