कुत्र्याची शी मालकानेच उचलावी, हे कधी ठरले?

कुत्र्याला फिरायला नेताना खिशात पिशवी ठेवायची, हा नियम जगातल्या बऱ्याच शहरांत आता अंगवळणी पडला आहे. पण त्याचे वय जेमतेम पन्नास वर्षे. माणसे आणि कुत्री शतकानुशतके शहरांत एकत्र राहत आली, तरी मालकाने वाकून ती घाण स्वतःच्या हाताने उचलावी अशी अपेक्षा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सहसा कोणी केली नव्हती. ती पहिल्यांदा कायद्याने केली गेली तेव्हा मोठा गदारोळ उडाला. तो समजून घेतला तर आजच्या भांडणांचाही उलगडा होतो, म्हणून या टिपणात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

त्याआधीचे थोडक्यात. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये कुत्र्याच्या विष्ठेला भाव होता. कातडे चुन्यात भिजवून त्यावरचे केस काढत. पुढे हातमोज्यांसाठी किंवा पुस्तकांच्या बांधणीसाठी मऊ चामडे हवे असेल, तर ते कातडे विष्ठा कालवलेल्या पाण्यात मुरवत. ही विष्ठा गल्लोगल्ली फिरून गोळा करणारी माणसे अगदी गरीब होती, बरीचशी म्हातारी. १८५१ च्या सुमाराला लंडनच्या गरिबांची जी पाहणी प्रसिद्ध झाली तिच्यात त्यांची संख्या २०० ते २४० आणि एका बादलीचा भाव साधारण ८ ते १० पेन्स दिला आहे. १९०७ च्या आसपास जर्मनीत जनावरांच्या स्वादुपिंडातल्या विकरांपासून पर्यायी द्रव्य तयार झाले आणि हा व्यवसाय ओसरला. त्याच काळात रस्त्यांवरून घोडेही कमी होऊ लागले. एकट्या न्यूयॉर्कमध्ये एक लाखाहून जास्त घोडे असायचे आणि एकेक घोडा दिवसाला सात ते चौदा किलो लीद टाकायचा. त्या ढिगांपुढे कुत्र्यांची घाण कोणाच्या डोळ्यांत भरणार? घोडे गेले, मोटारी आल्या, आणि फूटपाथवर उरलेली घाण कोणाची आहे हे उघड दिसू लागले.

यावरचा पहिला तोडगा गटाराचा होता. न्यूयॉर्कमध्ये १९३० च्या दशकात पाट्या लागल्या, की कुत्र्याला फूटपाथच्या कडेखाली, रस्त्यालगतच्या पाण्याच्या वाटेत बसवा. मालकाचे काम तिथे संपायचे. पुढचे काम पावसाचे, नाहीतर झाडूवाल्याचे. ही व्यवस्था त्या काळी वाईट नव्हती, पण ती दोन गोष्टींवर टिकून होती: कडेची जागा मोकळी हवी आणि रोजची झाडलोट व्हायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्याच्या दोन्ही कडा उभ्या मोटारींनी भरून गेल्या. कुत्र्याला कडेपर्यंत नेणेच अवघड झाले आणि झाडण्याच्या यंत्रालाही तिथे शिरता येईना.

दरम्यान वैद्यकशास्त्राकडून एक बातमी आली होती. १९५० साली अमेरिकेत डोळ्यांच्या गाठीच्या संशयावरून काढलेले मुलांचे डोळे तपासताना त्यांत जंतांच्या अळ्या सापडल्या. पुढे त्या कुत्र्याच्या पोटातल्या टॉक्सोकॅरा या गोल जंताच्या निघाल्या. या जंताबद्दल एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. ताज्या विष्ठेतल्या त्याच्या अंड्यांपासून माणसाला लागण होत नाही. हवामानानुसार अंडी मातीत दोन-तीन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ पिकावी लागतात, आणि मग ती वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. विष्ठा पावसाने विरघळून दिसेनाशी होते, अंडी तिथेच राहतात, आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून तोंडात जातात. ‘उन्हाने सुकून जाईल’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. कुत्रा उठल्याबरोबर उचलले, तरच धोका सुरू होण्याआधी संपतो.

१९७० चे दशक उजाडले तेव्हा ही वैद्यकीय माहिती सभांमध्ये, पत्रकांमध्ये पोहोचली होती. न्यू जर्सीतल्या नटली या छोट्या गावाने १९७१ मध्ये मालकांवर सक्ती केली. शेजारच्या न्यूयॉर्क शहरात मात्र त्याच सुमाराला असा प्रस्ताव आला आणि अडकला. तो का अडकला, हे पाहण्यासारखे आहे, कारण विरोधक एकाच बाजूचे नव्हते.

कुत्री पाळणाऱ्यांना वाटत होते की ही सक्ती म्हणजे कुत्री हद्दपार करण्याची पहिली पायरी आहे. त्यांचे म्हणणे असे, की गटाराचा नियम आम्ही पाळतो, शहराने झाडलोट करावी. कर कशासाठी भरतो? प्राण्यांच्या हितासाठी काम करणाऱ्या एका जुन्या संस्थेनेही विरोध केला. वृद्ध आणि अपंग मालकांना वाकणे जमणार नाही, माणसे कंटाळून कुत्री रस्त्यावर सोडून देतील, अशी तिची भीती होती. दुसऱ्या टोकाला लहान मुलांच्या आरोग्यासाठी लढणारा गट होता. तोही या कायद्याच्या विरोधात होता. त्याला हा उपाय फारच मवाळ वाटत होता: उचलल्यावरही जमिनीवर अंश राहतोच, तेव्हा कुत्र्याने घरातच, मालकाच्या न्हाणीघरात वर्तमानपत्रावर बसावे, रस्त्यावर मुळीच नाही. तिसरी शंका प्रशासनाची होती. दंड करायचा तर गुन्हा घडताना पाहायला हवा. पहाटे आणि रात्री उशिरा फिरणाऱ्या हजारो मालकांच्या मागे कोणाला उभे करणार?

या तिन्ही आक्षेपांत तथ्य होते, आणि तरीही माझ्या मते ते तिन्ही मूळ प्रश्न चुकवत होते. सार्वजनिक जागेत एखाद्याच्या जनावरामुळे झालेली घाण सगळ्यांनी वाटून घ्यायची, की ज्याच्या हातात पट्टा आहे त्याने? आपापले कुत्रे स्वखुशीने पाळणाऱ्यांचा भार झाडूवाल्यावर टाकणे सोयीचे होते, न्याय्य नव्हते. त्यातच १९७५ साली शहराची तिजोरी रिकामी झाली. दिवाळखोरी टाळण्यासाठी सफाई कामगारांची कपात झाली आणि ‘झाडूवाला आहेच’ हा आधारच निखळला. नैतिक युक्तिवादाला जे इतकी वर्षे जमले नव्हते ते पैशांच्या टंचाईने केले, असे म्हणायला हरकत नाही.

शहराच्या प्रतिनिधींना निर्णय झेपेना, म्हणून कायदा अखेर राज्याने केला. तो १ ऑगस्ट १९७८ पासून लागू झाला. चार लाखांहून जास्त लोकवस्तीच्या शहरांपुरता तो होता आणि दंड १०० डॉलरपर्यंत. त्याचा मजकूर लहान आहे, पण दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. जबाबदारी फक्त मालकावर टाकलेली नाही, कुत्रा ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकावर आहे. म्हणजे पगार घेऊन कुत्री फिरवणाराही सुटत नाही. आणि जागांच्या यादीत फूटपाथ, रस्ता यांच्याबरोबर गटार स्पष्टपणे लिहिले आहे. चाळीस वर्षे जिथे बसवा म्हणून पाट्या सांगत होत्या, तीच जागा आता उचलण्याची जागा झाली. अंध व्यक्तीच्या सोबतीच्या कुत्र्याला सूट ठेवली.

पहिल्या काही दिवसांत छायाचित्रकार कॅमेरे घेऊन मालकांच्या मागे फिरत होते. दंडाच्या पावत्या मात्र शहराच्या आकाराच्या मानाने कधीच फार फाटल्या नाहीत. तरी सवय लागली. एक शेजारी उचलतो आहे हे दिसले, की दुसऱ्याला न उचलता निघून जाणे अवघड व्हायचे. पोलिसाची जागा शेजाऱ्यांच्या नजरेने घेतली. ही गोष्ट पुढे जगभरात पुन्हा पुन्हा दिसली: जिथे रस्त्यावर माणसांची वर्दळ आहे तिथे नियम पाळला जातो, आणि आडवाटेला, अंधारात, पावसात तो कोलमडतो.

पॅरिसने याच्या उलट वाट धरली. १९८२ च्या सुमारास तिथे महापालिकेच्या खर्चाने मोटारसायकली धावू लागल्या. मागे टाकी, बाजूला ब्रश आणि शोषणारी नळी. हिरव्या गणवेशातला चालक फूटपाथवरून जाताना थांबायचा, नळी टेकवायचा, पुढे निघायचा. भरभराटीच्या काळात अशा सत्तरेक गाड्या होत्या. पर्यटकांनी त्यांची छायाचित्रे काढली, नागरिकांनी टोपणनाव दिले. पण दिवसाला १६ टन विष्ठा पडते असा अंदाज असलेल्या शहरात या गाड्यांना जेमतेम एक पंचमांश हिस्सा उचलता येत होता. त्याहून मोठे नुकसान वेगळेच होते. गाडी येणार आहे हे माहीत असलेल्या मालकाला वाकायचे कारणच उरले नव्हते. २००२ मध्ये दंडाची कारवाई कडक झाली आणि १८३ युरोंचा आकडा जाहीर झाला. २००४ पर्यंत मोटारसायकली बंद पडल्या. वीस-बावीस वर्षे आणि बराच पैसा घालवून ते शहर न्यूयॉर्क जिथे १९७८ मध्ये होते तिथे येऊन पोहोचले.

ब्रिटनमध्ये वाद आधी बंदीवरून पेटला. १९७० च्या दशकात बर्नली गावाने आपल्या बागांमधून कुत्र्यांना बंदी केली, निदर्शने झाली, प्रकरण न्यायालयात गेले. बंदीपेक्षा जबाबदारी बरी, हा विचार तिथे हळूहळू रुजला. १९९६ चा इंग्लंड-वेल्सचा कायदा त्याचे फळ होय. त्यात सबबींना जागा ठेवलेली नव्हती: ‘मला दिसलेच नाही’ किंवा ‘माझ्याकडे पिशवी नव्हती’ हे कारण ग्राह्य धरू नये असे कलमातच लिहिले होते. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांनी आधी बराच काळ रस्त्यावरची भांडणे ऐकली असावीत. शेतजमीन, जंगल आणि माळराने मात्र वगळली होती. त्या सवलतीचा त्रास नंतर गुराखी आणि शेतकऱ्यांना झाला, कारण कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या निओस्पोरा या परजीवीमुळे गाई गाभडतात. २००५ आणि २०१४ च्या कायद्यांनी अधिकार स्थानिक पातळीवर आणले. २०१५ च्या अखेरीला इंग्लंडमधल्या डॅव्हेन्ट्री भागाच्या प्रशासनाने त्याचा पुढचा टप्पा गाठला: कुत्र्यासोबत निघालेल्या माणसाकडे उचलण्याचे साधन असलेच पाहिजे, आणि विचारल्यास ते दाखवता आले पाहिजे. गुन्हा घडताना पाहण्याची जुनी अडचण यामुळे बरीच सुटली.

व्हिएन्नात २००६ मध्ये मातांनी सुरू केलेल्या मोहिमेला दीड लाखाहून जास्त सह्या मिळाल्या, आणि त्यानंतर शहरभर पिशव्यांच्या पेट्या लागल्या. स्पेनमधल्या ब्रुनेते गावात २०१३ साली स्वयंसेवकांनी न उचलणाऱ्या मालकांशी गोड बोलून कुत्र्याचे नाव काढून घेतले, नोंदवहीतून पत्ता शोधला, आणि विष्ठा ‘हरवलेली वस्तू’ अशी चिठ्ठी लावलेल्या खोक्यातून घरपोच केली. अशी १४७ खोकी गेली. परिणाम झाला असे सांगतात, पण नोंदणीसाठी दिलेली माहिती अशी वापरणे मला पटत नाही.

त्याहून पुढची पायरी डीएनएची. इस्रायलमधल्या पेताह तिक्वात २००८ मध्ये, नंतर नेपल्सच्या काही भागांत, मग २०२३ मध्ये फ्रान्समधल्या बेझिएरमध्ये कुत्र्यांच्या लाळेचे नमुने घेऊन ठेवायचे आणि रस्त्यावरच्या विष्ठेशी ते जुळवायचे, असे प्रयोग झाले. बेझिएरला आधीच्या प्रयत्नात न्यायालयाने अडवले होते. तंत्र अचूक आहे, पण त्याची सगळी भिस्त नोंदणीवर आहे. ज्याने कुत्र्याचा नमुना दिला तो बहुधा उचलणारा असतो. ज्याच्यासाठी ही यंत्रणा उभी केली तो यादीत येतच नाही, आणि बाहेरगावाहून आलेला कुत्रा तर कुठल्याच यादीत नसतो.

आता मुख्य वाद पिशवीचा आहे. उचलायला सांगितले, पिशव्या फुकट वाटल्या, आणि मग गाठ मारलेल्या पिशव्या झुडपांवर, कुंपणांवर लटकू लागल्या. उघडी विष्ठा काही आठवड्यांत विरली असती, प्लास्टिकमधली वर्षानुवर्षे तशीच राहते. कुजणाऱ्या पिशव्यांनीही हे सुटत नाही, कारण त्यांतल्या बहुतेक पिशव्यांना साठ अंशांच्या आसपास तापणारी मोठी खतप्रक्रिया लागते आणि घरच्या खतखड्ड्यात जंतांची अंडीही मरत नाहीत. इंग्लंडमध्ये जंगलांची देखभाल करणाऱ्यांनी म्हणूनच दाट झाडीत काठीने विष्ठा वाटेबाहेर सारावी, असा सल्ला दिला होता. फूटपाथसाठी मात्र १९९६ च्या कायद्यातली व्याख्या आजही उपयोगी आहे. कचऱ्यासाठी ठेवलेल्या पेटीत टाकले की ते ‘उचलले’ असे तो मानत असे. फांदीला अडकवलेली पिशवी त्यात बसत नाही.

पेट्यांच्या पलीकडेही काही उरते. बेल्जियममध्ये गेंट शहराजवळच्या चार राखीव निसर्गक्षेत्रांत दीड वर्ष कुत्री मोजून २०२२ मध्ये अंदाज प्रसिद्ध झाला, की दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस कुत्र्यांकडून जमिनीत जातो. नापीक जमिनीवरच तगणाऱ्या वनस्पतींना हे खत मारक ठरते. प्रत्येक मालकाने शी उचलली तर फॉस्फरस ९७ टक्के कमी होतो, नायट्रोजन ५६ टक्केच. बाकीचा लघवीतला, तो कोणी उचलू शकत नाही. त्यामुळे त्या अभ्यासकांनी उचलण्याची सक्ती सुचवलीच, शिवाय नाजूक अधिवासांत कुत्र्यांना प्रवेशबंदी आणि त्यांच्यासाठी इतरत्र मोकळी मैदाने, हेही पर्याय पुढे ठेवले.