पार्श्वभूमी : पैलवानाचं काळीज आणि फिनलंडचे लाकूडतोडे

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिताना ‘हार्ट’चा विषय निघाला, की कुणीतरी म्हणतंच, ‘पैलवानाला काय हुतंय? कष्टाच्या अंगाला सगळं पचतंय.’ या समजाला तडा देणारं काम ज्यांच्या नावावर आहे, ते अ‍ॅन्सेल कीज मिनेसोटा विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. जन्म १९०४.

हृदयविकाराकडे ते वळले उपासमारीच्या वाटेनं. महायुद्ध संपत आलं असताना ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून त्यांनी शरीराचं काय होतं ते नोंदवलं. युद्धानंतर त्यांना उलटं चित्र दिसलं. अमेरिकेतले भरल्या ताटावरचे व्यावसायिक ऐन उमेदीत झटक्यानं जात होते. १९५२ मध्ये कीज नेपल्सला गेले, तर तिथल्या साध्या कामगारांत हा आजार क्वचितच आढळला आणि त्यांचं कोलेस्टेरॉलही कमी भरलं.

मग १९५८ पासून ‘सात देशांचा अभ्यास’ : अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस, जपान. ४० ते ५९ वयाचे बारा हजारांहून जास्त पुरुष. पूर्व फिनलंडचे लाकूडतोडे म्हणजे अंगानं पिळदार, दिवसभर जंगलात राबणारे, आणि हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत जास्त तिथेच! दूध, लोणी, चीज यांवर पोसलेली ही माणसं सिगारेटही भरपूर ओढत. क्रीट बेटावरचे शेतकरीही चरबी कमी खात नव्हते, पण ती ऑलिव्हच्या तेलाची. तिथे हे मृत्यू नगण्य होते. म्हणून किती चरबीपेक्षा कुठली चरबी, हा प्रश्न पुढे आला.

‘बावीस देशांतले सोयीचे सात निवडले’ हा मोबाईलवर फिरणारा आरोप म्हणजे गल्लत आहे. बावीस देशांचे आकडे असताना सहाच घेतले, ही टीका कीज यांच्या १९५३ च्या, चरबी आणि हृदयविकाराचे मृत्यू जोडणाऱ्या आलेखावर होती. ती रास्तच होती. आणि हे सात देशही चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, हेही खरं.

आपल्या दृष्टीनं मोठी उणीव वेगळीच : त्या सातांत भारत नव्हता. ती काही अंशी भरून निघाली २००४ मध्ये, म्हणजे कीज शंभराव्या वर्षी वारले त्याच वर्षी. केरळात जन्मलेल्या सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालच्या ‘इंटरहार्ट’ पाहणीत ५२ देश होते. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातली चरबी, मनावरचा ताण अशा नऊ गोष्टींतच पहिल्या झटक्याचा बहुतेक धोका सामावतो, असं तिनं दाखवलं. आपल्याकडे तालीम तिशीत सुटते, खुराक चालूच राहतो; घेर वाढतो तो तिथून. याच पाहणीतल्या दक्षिण आशियाई रुग्णांचा हिशेब २००७ मध्ये वेगळा मांडला गेला : पहिल्या झटक्याचं सरासरी वय ५३, इतर देशांत ते ५९ च्या आसपास.