प्रिंटिंग प्लेट (स्पोर्ट्स कार्ड संग्रह)

बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल यांची कार्डं ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ प्लेटांवरून ऑफसेटने छापतात, त्याच प्लेटा छपाई झाली की कार्डाच्या मापात कापून विक्रीच्या कार्डांच्या पाकिटात टाकतात आणि हौशी लोक त्या जमवतात. छंद मुख्यतः अमेरिकेतला, आणि तसा अलीकडचाच. एका कार्डाच्या एका बाजूला छपाईच्या प्रत्येक रंगाची एक अशा चार प्लेटा, सायन (निळसर), मजेंटा (गुलाबीसर), पिवळी आणि काळी, आणि प्रत्येकीवर ‘1/1’ (वन ऑफ वन), म्हणजे जगात ही एकच. आता एकाच कार्डाच्या चार ‘एकमेव’ वस्तू हे गणित कंपन्यांनाच जमतं. 350 कार्डांचा सेट धरला तर नुसत्या पुढच्या बाजूच्याच 1400 होतात.

सुरुवात कुणी केली यावर थोडा वाद आहे. साधारणपणे 1997 च्या ‘न्यू पिनॅकल’ या बेसबॉल सेटचं नाव घेतलं जातं, त्यात पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटा पाकिटात टाकल्या होत्या आणि चारही जुळवून आणणाऱ्याला रोख बक्षीस होतं. पण त्याच वर्षी ‘फ्लेअर शोकेस’ या दुसऱ्या सेटमध्ये ‘मास्टरपीस’ नावाची एकेकच प्रत असलेली कार्डं आली, त्यामुळे पहिलं वन ऑफ वन कोणतं हा प्रश्न निघतो. मान बहुतेक जण मास्टरपीसलाच देतात आणि ते बरोबर वाटतं, कारण ते मुळात कार्ड म्हणून केलेलं होतं, प्लेट हे शेवटी छपाईचं साधन. ‘न्यू पिनॅकल’ काढणारी पिनॅकल कंपनी 1998 मध्ये दिवाळखोरीत गेली, प्रथा मात्र टॉप्स वगैरे कार्ड कंपन्यांनी उचलली. त्याआधी प्लेटांची जागा भंगारात होती. आणि 1909 ते 1911 दरम्यानची टी-206 ही सिगारेटच्या पाकिटातली बेसबॉल कार्डं तर लिथोची, म्हणजे दगडावरून छापलेली, आणि लिथोचे दगड घासून परत वापरायची रीतच होती, तेव्हा त्या काळातलं काही हाती लागायची आशा फारशी नाही.

ऑफसेट, म्हणजे छाप आधी मधल्या एका पृष्ठभागावर घेऊन मग कागदावर उतरवणं, नेमकं कुणाचं, हेही एका वाक्यात सांगण्यासारखं नाही. पत्र्यावर छापायला इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कलेने 1875 च्या सुमारास ही युक्ती वापरली होती. कागदासाठी श्रेय न्यू जर्सीच्या आयरा रूबेलला देतात, साधारण 1904. त्याच्या मशीनवर एकदा कागद घालायचा राहिला, छाप कागद दाबणाऱ्या रोलरच्या रबरावर उमटली आणि पुढच्या कागदाच्या मागच्या बाजूला जी आली ती नेहमीपेक्षा स्वच्छ होती, अशी गोष्ट सांगतात. ओहायोतले हॅरिस बंधूही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथे पोचले असं दिसतं, त्यामुळे एकट्या रूबेलचं नाव घेताना जरा जपून. संग्राहकाला यातली कामाची गोष्ट एवढीच की प्लेटवरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर जाते आणि मग कागदावर, म्हणून ऑफसेटच्या प्लेटवर अक्षरं सुलटी असतात. खेळाडूचं नाव आरशातल्यासारखं उलटं दिसलं तर घेण्याआधी दोनदा विचारावं.

खरा वाद आहे तो प्लेट मशीनवर चढली होती का यावर. लाखांच्या घरात छपाई असली की प्लेट झिजते, दुसरी करावी लागते, मग ‘1/1’ ला अर्थ काय राहिला? शिवाय कॉम्प्युटरवरून थेट प्लेट निघायला लागल्यापासून, म्हणजे 1990 च्या दशकापासून, आणखी एक काढणं काहीच अवघड नाही. मागचं कंपनीचं स्टिकर प्लेट कंपनीकडून आली एवढंच सांगतं. म्हणून जाणकार स्टिकरपेक्षा पृष्ठभाग बघतात: कडेला राहिलेली शाई, प्लेट जपायला लावतात तो गम पुसल्याचे पट्टे, बारीक ओरखडे. अगदी कोरी चकचकीत प्लेट सुंदर दिसते पण शंका तिच्यावरच जास्त घ्यावी.

भावात पहिला खेळाडू, मग रंग. काळीला मागणी जास्त कारण चेहरा ठसठशीत दिसतो, पिवळीवर चित्र शोधावं लागतं म्हणून ती स्वस्तात जाते. चारही एकत्र मिळाल्या तर किंमत वेगळीच, पण एक जरी दुसऱ्याच्या कपाटात अडकली की तो मागेल तो भाव द्यावा लागतो. काही प्लेटांवर खेळाडूची सही असते, कधी थेट धातूवर तर कधी चिकटवलेल्या स्टिकरवर, आणि थेट सहीवालीला लोक जास्त मोजतात. ‘अ‍ॅलन अँड गिंटर’ या आपल्या सेटमध्ये टॉप्सने छोट्या प्लेटा फ्रेममध्ये बसवूनही दिल्या आहेत.