झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडचे पाच मीटर

मुंबईत पार्किंगचा विषय निघाला की बोलणं जागेच्या टंचाईवर येऊन थांबतं. गाड्या किती, जागा किती, पे अँड पार्कचा दर काय असावा, टोइंगची गाडी कधी येते. उभ्या गाडीमुळे समोरचं दिसत नाही, याची मोजदाद मात्र फारशी होत नाही. हॅचबॅक साधारण दीड मीटर उंच असते, रिक्षा आणि एसयूव्ही पावणेदोन मीटरच्या आसपास. सहा वर्षांचं मूल सव्वा मीटरही नसतं. झेब्रा क्रॉसिंगला खेटून एक गाडी उभी राहिली की येणाऱ्या चालकाला ते मूल दिसत नाही आणि मुलाला येणारी गाडी दिसत नाही. चालक हुशार असला, मूल शहाणं असलं, तरी अपघात होऊ शकतो. मुंबईच्या रस्त्यांवर जीव गमावणाऱ्यांत बहुतेक जण पादचारी आणि दुचाकीस्वारच असतात.

म्हणून पार्किंगविषयी महापालिका आणि वाहतूक पोलीस जे निर्णय घेतात, त्यांत क्रॉसिंगच्या अलीकडची जागा मोकळी ठेवण्याचा निर्णय सगळ्यात आधी व्हायला हवा. त्याला खर्च जवळजवळ नाही आणि फायदा कागदावर मोजून दाखवता येतो.

तो मोजूनच पाहू. रस्त्याच्या डाव्या कडेला गाड्यांची रांग आहे. येणारी गाडी या रांगेपासून ९० सेंटिमीटर अंतर राखून चालली आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने चालकाचे डोळे रांगेच्या बाहेरच्या कडेपासून साधारण २.२ मीटरवर येतात. मूल रस्ता ओलांडायला क्रॉसिंगवर पुढे आलं आहे आणि त्या कडेच्या अर्धा मीटर आत उभं आहे. रांगेतली शेवटची गाडी मुलाच्या एकच मीटर अलीकडे असेल, तर शाळेत शिकलेल्या समरूप त्रिकोणांचा हिशेब सांगतो की मूल चालकाच्या नजरेस पडेल ते गाडी ५.४ मीटरवर आल्यावर. तीच गाडी पाच मीटर अलीकडे उभी केली, तर मूल २७ मीटरवरून दिसेल. पाचपट अंतर, आणि त्यासाठी हलवावी लागली एक गाडी.

हे २७ मीटर पुरतात का, ते वेगावर ठरतं. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक चांगले लागले, तर ताशी ३० किलोमीटरने चाललेली गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते, ४० ची २० मीटरमध्ये आणि ५० ची जवळपास २८ मीटरमध्ये. ४० ची गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे ५० ची गाडी अजून ताशी ३७ किलोमीटरने चाललेली असते. वेगात फरक फक्त दहाचा, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून इतकी तफावत पडते. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही त्याच दिशेचा आहे: सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

आता जुलै महिना धरा. ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड निम्म्याच्या जवळ येते. ५० च्या वेगाला थांबायला ३८ मीटर लागतात, ४० ला साडेसव्वीस, ३० ला १७. म्हणजे पाच मीटर मोकळे ठेवून वेग ४० च्या आत आणला, तर पावसातही गाडी मुलाच्या जेमतेम अलीकडे थांबते. ५० ला कोरड्या रस्त्यावरसुद्धा हिशेब काठावरच आहे. शिवाय एक सेकंद हा दक्ष चालकाचा वेळ झाला. रस्त्याचा आराखडा काढताना अभियंते अडीच सेकंद धरतात, आणि तसं धरलं तर पाच मीटर ही अगदी किमान मर्यादा ठरते. जिथे जमेल तिथे दहा मीटर सोडावेत.

एकेरी रस्त्यांवर आणखी एक गोष्ट सुटते. तिथे उजव्या कडेलाही गाड्या उभ्या असतात आणि चालक त्याच बाजूला बसलेला असतो. त्याचे डोळे रांगेच्या कडेपासून १.३ मीटरवरच येतात, त्यामुळे पाच मीटर सोडूनही मूल १८ मीटरवरूनच दिसतं. डावीकडच्या इतकं, म्हणजे २७ मीटरवरून दिसायला हवं असेल, तर उजवीकडे साडेसात मीटर सोडावे लागतात. दादर, गिरगाव, पार्ले इथल्या एकेरी रस्त्यांवर रंगाचे पट्टे मारताना दोन्ही बाजूंना सारखंच माप घेतलं, तर उजवी बाजू कमी पडणार.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. वाहन चालवण्याविषयीच्या केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार पादचारी क्रॉसिंगवर आणि त्याच्या अलीकडच्या पाच मीटरमध्ये गाडी थांबवायलाही मनाई आहे. त्यासाठी वेगळा फलक लागत नाही. त्याच नियमांत चौकाच्या दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत पार्किंगला मनाई आहे. पण जुन्या मुंबईत दोन नाक्यांमधलं अंतर अनेकदा शंभर मीटरही नसतं. नियम अक्षरशः लावला तर पूर्ण गल्लीच नो पार्किंग होईल. म्हणून तो कुणीच लावत नाही, आणि त्यासोबत पाच मीटरचा नियमही सुटून जातो. ५० मीटर कागदावर ठेवण्यापेक्षा क्रॉसिंगजवळचे पाच-दहा मीटर कडक राखणं कितीतरी चांगलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने क्रॉसिंगच्या अलीकडे २० फूट मोकळे ठेवण्याचा नियम केला असून तिथे १ जानेवारी २०२५ पासून दंडही लागतो. न्यू जर्सीतल्या होबोकेन या दाटीवाटीच्या छोट्या शहराने कोपरे मोकळे केले, वेगमर्यादा खाली आणली, आणि तिथे २०१७ पासून सलग सात वर्षं रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही.

मोकळ्या पाच मीटरचा पूर्ण फायदा हवा असेल, तर पादचाऱ्याची उभं राहण्याची जागाही पुढे आणावी लागते. मघाचं मूल रांगेच्या कडेपाशी आलेलं होतं. तेच मूल शहाण्यासारखं फुटपाथच्या कडेला, म्हणजे दोन मीटर आत थांबलं, तर पाच मीटर मोकळे असूनही ते साडेदहा मीटरवरूनच दिसेल. उपाय असा की पार्किंगच्या पट्ट्याएवढा फुटपाथ कोपऱ्यावर पुढे काढायचा. गाड्या जिथवर उभ्या राहतात जवळपास तिथवर फुटपाथच येतो, माणूस त्यावर सुरक्षित उभा राहतो, त्याला ओलांडायचं अंतर प्रत्येक बाजूला दोन मीटरने कमी होतं आणि वळणाऱ्या गाड्यांचा वेगही आपोआप उतरतो. वळणाची त्रिज्या २० मीटर असेल तर चालक आरामात ताशी २७-२८ किलोमीटरने वळतो. ती सहा मीटरवर आणली की पंधरा.

हे काम मुंबईत करताना ते दोन ठिकाणी फसतं. पहिलं म्हणजे पाणी. रस्त्याचं पावसाचं पाणी फुटपाथच्या कडेने वाहत जाऊन जाळीत उतरतं. पुढे काढलेल्या फुटपाथने ही वाट बुजवली, तर पहिल्याच मोठ्या पावसात कोपऱ्यावर तळं साचतं आणि आठवड्याभरात तो भाग फोडला जातो. म्हणून जुन्या कडेलगत ३० ते ४५ सेंटिमीटरची सलग पन्हळ ठेवायची, वर उचलता येईल अशी जाळी टाकायची आणि उतार लेव्हल लावून तपासायचा. दुसरं म्हणजे बेस्टची बस. बारा मीटरच्या बसचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून वळतं. कोपरा फार आवळला की ते चाक फुटपाथवर चढतं, आणि माणसं नेमकी तिथेच उभी असतात.

यासाठी आधी चाचणी घ्यावी. पहाटे वाहतूक कमी असताना फक्कीने नवी कड आखायची, प्लास्टिकचे शंकू ठेवायचे आणि त्या मार्गाची बस, कचऱ्याचा कॉम्पॅक्टर आणि अग्निशमनची गाडी एकेकदा वळवून पाहायची. चाकांचे ठसे फक्कीवर उमटतात. जिथे ठसा आत आला, तिथे कड मागे घ्यायची. मग काही आठवडे रंग आणि शंकूंवर चालवून पाहायचं आणि त्यानंतरच काँक्रीट ओतायचं. मालाडच्या मीठ चौकीला आणि वांद्र्याच्या एचपी चौकात अशा तात्पुरत्या बदलांच्या चाचण्या झालेल्या आहेत, त्यामुळे ही पद्धत मुंबईला नवी नाही.

पट्ट्यांचंही एक शास्त्र आहे. झेब्रासाठी साधा रंग वापरला तर तो एका पावसाळ्यात जातो. म्हणून थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवल्यावर वितळणारं आणि थंड झाल्यावर घट्ट होणारं मिश्रण वापरतात. ते सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून अडीच मिलिमीटर जाडीने ओततात, आणि ते गरम असतानाच वरून काचेचे बारीक मणी पेरतात, दर चौरस मीटरला साधारण २५० ग्रॅम. हेडलाइटचा प्रकाश हे मणी चालकाकडे परत पाठवतात. मणी कमी पडले किंवा थर थंड झाल्यावर टाकले, तर दिवसा पांढराशुभ्र दिसणारा पट्टा रात्री दिसत नाही. पृष्ठभाग ओलसर असेल तर थर धरतच नाही, पापुद्र्यांसारखा सुटतो. मुंबईत रस्ते झपाट्याने काँक्रीटचे होत आहेत, आणि काँक्रीटवर आधी प्रायमर लागतो. राखाडी काँक्रीटवर पांढरा पट्टा फिका दिसतो, त्याला काळी किनार दिली तर उठून दिसतो. गुळगुळीत नव्या रस्त्यावर गाड्या वेगाने जातात, म्हणून हे काम काँक्रीट झाल्याबरोबर व्हायला हवं.

स्पीड ब्रेकरबाबत थोडक्यात. ताशी २५ किलोमीटरसाठी मान्य असलेला गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. बाजारात मिळणाऱ्या फूटभर रुंदीच्या रबरी पट्ट्या वेगातल्या मोटारीला फारशा जाणवत नाहीत, सस्पेन्शन तो धक्का गिळून टाकतं. पावसात दुचाकी मात्र त्यावरून घसरते, आणि पट्टी निघाली की मागे वर आलेले बोल्ट राहतात. शाळेसमोर त्याऐवजी झेब्राच १० सेंटिमीटर उचलून घ्यावा.

निर्णय कोण घेतं? रस्ता आणि फुटपाथ महापालिकेचे, म्हणून बांधकाम, पट्टे, कठडे हे वॉर्ड ऑफिसकडे किंवा रस्ते विभागाकडे. नो पार्किंग, एकेरी मार्ग, वेगमर्यादा यांची अधिसूचना मोटार वाहन कायद्याखाली वाहतूक पोलीस काढतात. या दोन्ही कार्यालयांचं एकमत झाल्याशिवाय काम टिकत नाही. अधिसूचना न काढता वॉर्डाने फलक लावला तर त्यावरचं चलान आव्हानात टिकणं कठीण. अधिसूचना निघाली पण फलक झाडाच्या फांदीआड गेला, तर चालकाला ती कळणार कशी? २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेलं कलम १९८अ इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रस्त्याची रचना किंवा देखभाल सुरक्षेच्या मानकांप्रमाणे न केल्याने कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दंडाचा एक मोठा प्रयोग मुंबईने केला आहे. ७ जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा पार्किंगला दुचाकीसाठी ५,००० रुपयांपासून अवजड वाहनासाठी १५,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला. एवढी रक्कम वसूल करताना दर वेळी वाद होतो, आणि वाद झाला की कारवाई मंदावते. शिस्त लागते ती पकडले जाण्याच्या खात्रीमुळे, रकमेच्या आकड्याचा वाटा त्यात कमी असतो. क्रॉसिंगजवळ रोज न चुकता होणारं छोटं ई-चलान वर्षातून एकदा बसणाऱ्या मोठ्या दंडापेक्षा जास्त काम करतं.

दुचाकींचा प्रश्न वेगळा आहे. त्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून खांब रोवले जातात. पण स्कूटरचं हँडल आणि व्हीलचेअरची रुंदी जवळपास सारखीच, ६५ ते ७५ सेंटिमीटर. व्हीलचेअर सहज जावी म्हणून ९० सेंटिमीटर सोडले की स्कूटरही जाते, आणि स्कूटर अडेल इतके खांब जवळ आणले की व्हीलचेअर अडते. या खांबांची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. खांबांच्या अंतराने हा पेच सुटणार नाही. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी मावतात. बाजारपेठेत प्रत्येक गल्लीला रस्त्यावरच अशा एक-दोन जागा आखून दिल्या आणि फुटपाथवरच्या गाड्या नियमित उचलल्या, तर फुटपाथ मोकळा राहतो. या जागा क्रॉसिंगच्या पुढच्या बाजूला घ्याव्यात, कारण तिथे उभ्या असलेल्या गाड्या जवळच्या लेनमधल्या चालकाची नजर अडवत नाहीत.

आपल्या भागात हे करून घ्यायचं असेल तर अर्ज वॉर्डाच्या सहाय्यक आयुक्तांना द्यावा आणि त्याची प्रत त्या भागाच्या वाहतूक विभागाला. “इथे फार धोका आहे” एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत राहतो. त्याऐवजी टेप घेऊन मोजावं: क्रॉसिंगच्या कडेपासून पहिली गाडी किती मीटरवर उभी असते, रस्ता किती रुंद आहे, मार्ग एकेरी की दुहेरी, कोणत्या बस जातात, पाण्याची जाळी कुठे आहे. सोबत एक आराखडा आणि चार फोटो. मागणी नेमकी असावी: डावीकडे पाच मीटर, एकेरी असेल तर उजवीकडे साडेसात, पिवळे पट्टे आणि फलक. दुकानदारांशी आधी बोलून घ्यावं. एका कोपऱ्यावर एकाच मोटारीची जागा जाते, आणि माल उतरवायला टेंपोसाठी सकाळची ठरावीक वेळ आखून दिली तर विरोध बराच मावळतो.

काम झाल्यावर पाहणी दोनदा करावी. एकदा पावसाळा संपल्यावर रात्री, हेडलाइटमध्ये पट्टे उजळतात का ते पाहायला. दुसऱ्यांदा शाळा सुटायच्या वेळी. सकाळी मोकळे दिसणारे पाच मीटर तेव्हा स्कूलव्हॅन आणि रिक्षांनी भरलेले सापडले, तर तिथे नुसता रंग पुरत नाही. गुडघ्याएवढ्या उंचीच्या कुंड्या किंवा लवचीक खांब बसवावे लागतात, आणि कुंडीतलं झाड साठ सेंटिमीटरच्या वर वाढू द्यायचं नाही, नाहीतर गाडीच्या जागी झाडाचा आडोसा होतो.